फुरसत ही चैन नव्हे

सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कामाच्या तासांविषयी एक निर्णय घेतला. कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि वीस किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांतील दिवस नऊवरून दहा तासांपर्यंत वाढविण्यास मान्यता देण्यात आली. तीन महिन्यांतील जादा कामाची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. जादा कामाला दुप्पट मोबदला आणि कामगाराची लेखी संमती, या अटी निर्णयासोबत आहेत. या निर्णयावर जी चर्चा झाली ती बहुतांशी मजुरीच्या, उत्पादनाच्या आणि आरोग्याच्या अंगाने झाली. ती आवश्यकच होती. परंतु एक प्रश्न तीत जवळजवळ विचारलाच गेला नाही. बारा तास काम आणि दोन-तीन तास प्रवास केल्यानंतर माणसाजवळ स्वतःचे असे काय उरते?

विज्ञानाची जिज्ञासा, धर्माचा विचार, ग्रंथांचा सहवास, यंत्राशी खेळणे, एखादा छंद जोपासणे या गोष्टी मध्यमवर्गाच्या चैनीच्या आहेत, असा समज आपल्या चळवळीतही खोलवर रुजलेला आहे. आधी भाकरी, मग पुस्तक, असे आपण सहज म्हणून जातो. गिरणगावाचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. परळ, लालबाग, गिरगाव, दादर या भागांत श्रमिकांच्या आयुष्यात जे जे ज्ञान आणि जी जी कला आली, ती कामाच्या तासांना बांध घातल्यानंतरच आली. भाकरीचा लढा आणि पुस्तकाचा लढा येथे एकाच मागणीपत्रावर लिहिलेला होता.

नारायण मेघाजी लोखंडे यांचेच उदाहरण घ्या. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवले. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अशा त्यातील मागण्या होत्या. वेतनवाढीच्या आधी वेळ मागणारे हे निवेदन आहे, हे विसरता कामा नये. सहा वर्षांच्या खटपटीनंतर, जून १८९० मध्ये, गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी आमच्या माणसाला देवाला जाता आले पाहिजे, असे लोखंड्यांनी मांडले होते. सत्यशोधक परंपरेतला हा माणूस कामगाराच्या श्रद्धेचा आधार घेऊन त्याच्यासाठी वेळ मिळवीत होता. विवेकवादी मंडळींनी यावर नाक मुरडू नये. देवासाठी म्हणून मागितलेला तो दिवस पुढे वाचनालयाला, शाहिराला, कबड्डीच्या मैदानाला आणि कामगारांच्या सभेलाही उपयोगी पडला. वेळ एकदा माणसाच्या मालकीचा झाला की त्याचे काय करायचे हे तोच ठरवितो.

यंत्राच्या बाबतीतही हीच कसोटी लावावी लागते. विजेचा दिवा हा मानवी बुद्धीचा केवढा मोठा विजय! या दिव्याने गरिबाच्या मुलाला रात्री वाचता येऊ लागले. परंतु मुंबईच्या गिरण्यांत तो प्रथम आला तेव्हा त्याने सूर्यास्ताची जुनी मर्यादाच पुसून टाकली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या दिवसाला चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि कामगारांना त्याविरुद्ध रस्त्यावर यावे लागले. दिवा तोच, उजेडही तोच. पण त्याची कळ मालकाच्या हाती होती. तंत्रज्ञान चांगले की वाईट, हा वाद म्हणूनच अर्धवट आहे. यंत्राने वाचविलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे ज्यांनी मांडला ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच वस्तीतले. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत, घर झोपलेले असताना, वडिलांनी पहाटे दोन वाजता उठविल्यावर त्यांनी अभ्यास केला. पुढे अनेक वर्षे ते परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले, आणि १९३० च्या दशकात दादरला त्यांनी ‘राजगृह’ बांधले ते प्रामुख्याने ग्रंथांसाठी. काँग्रेस व गांधीजींच्या अस्पृश्यविषयक कार्याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या इंग्रजी ग्रंथात गांधीवादाचा परामर्श घेताना त्यांनी यंत्राचा कैवार घेतला आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, पशूला पोट भरण्यापलीकडे जीवन नसते, माणसाला मनाचे जीवन असते. मनाच्या जीवनाला फुरसत लागते आणि सर्वांना फुरसत मिळायची तर यंत्रावाचून गत्यंतर नाही. यंत्राचे दुष्परिणाम दिसतात ते यंत्रामुळे नव्हे, तर ते खाजगी नफ्यासाठी राबविणाऱ्या समाजरचनेमुळे. हे लिहिणारा माणूस त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होता. १९४६ च्या दुरुस्तीने कायम चालणाऱ्या कारखान्यांतील कामाचा आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आणि दिवस दहावरून नऊ तासांवर आला, त्या विधेयकाचे सूत्रधारही तेच. पुस्तकांसाठी घर बांधणे आणि कामगारासाठी तास कमी करणे, ही एकाच विचाराची दोन रूपे होती.

या मिळविलेल्या तासांचे श्रमिकांनी काय केले? ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत वाचनालये आणि रात्रशाळा चालविल्या. परळचे दामोदर हॉल हे त्याच कार्याचे फळ. दिवसपाळी संपवून माणसे पाटीवर अक्षरे गिरवीत आणि ओळखीच्या दुकानात वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवीत. ज्याला गिरणी कामगाराने रस्त्यावरून उचलून वाढविले, ते नारायण सुर्वे याच वस्तीत कवी झाले. आणि ज्यांनी कधी पुस्तक हाती धरले नाही त्यांचेही विज्ञान होतेच. साच्याच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा फिटर गणेशोत्सवात मोटार, पट्टा आणि लोखंडी दांडे जोडून पौराणिक देखाव्यातली पात्रे हलवून दाखवी. त्याचा विषय धार्मिक असे, त्याची बुद्धी मात्र शुद्ध यांत्रिक असे. असल्या छंदाला पदवी मिळत नाही, पगारही मिळत नाही. तरीही माणूस दिवसभर दुसऱ्यासाठी वापरलेले कौशल्य तेथे प्रथमच स्वतःच्या आनंदासाठी वापरीत असतो.

प्रस्तुत लेखकाचाही असा एक छंद आहे. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून सुटे भाग आणून जुने रेडिओ दुरुस्त करणे. त्यात आर्थिक लाभ काही नाही, आणि आता रेडिओ ऐकणारेही थोडे उरले. पण बंद पडलेल्या यंत्राचे झाकण उघडून दोष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधीत जाण्यात जी मनाला शिस्त लागते, ती कोणत्याही व्याख्यानाने लागत नाही. येथे वडीलधाऱ्याचे मत चालत नाही, ग्रंथाचे प्रामाण्य चालत नाही. तार तुटलेली असेल तर ती तुटलेलीच असते. विज्ञाननिष्ठा म्हणतात ती हीच. मात्र तिला एक निवांत संध्याकाळ लागते.

संविधानात १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये आली. वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवतावाद आणि जिज्ञासू वृत्ती जोपासणे हे त्यांपैकी एक. कर्तव्य सांगितले, ते पार पाडण्यासाठी लागणारा वेळ कोण देणार, हे कोणी सांगितले नाही. मुंबईचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. जागतिक तोलाचे विज्ञान गिरणगावाच्या दाराशी उभे होते. पण वस्तीतल्या माणसाला साथीच्या काळात विज्ञान भेटले ते घराची झडती घेणाऱ्या पथकाच्या रूपाने. त्याचा परिणाम म्हणून १८९८ च्या मार्चमध्ये शहरात दंगल उसळली आणि कामगारांनी काम बंद केले. समजावून न सांगता हुकूम म्हणून आलेले विज्ञान लोकांना परकेच वाटते, मग ते कितीही खरे असो.

याच्या जवळजवळ शंभर वर्षांनी, २१ सप्टेंबर १९९५ रोजी, गणपती दूध पितो अशी वार्ता फोनच्या तारांवरून एका दिवसात देशभर आणि परदेशांतही पोहोचली. पृष्ठताणामुळे चमच्यातील दूध मूर्तीकडे ओढले जाते आणि पातळ थराच्या रूपाने तिच्या अंगावरून खाली ओघळते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून हे दाखवूनही दिले. घरातल्या कोणत्याही पुतळ्यावर, साध्या पाण्याने, पाच मिनिटांत करता येईल असा हा प्रयोग. तो करण्याऐवजी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. म्हणजे त्यांच्याजवळ वेळ होता, मग फुरसतीने काय साधले, असे कोणी विचारील. या आक्षेपाचे उत्तर दिले पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर आणि एकामागून एक बंद पडत गेलेल्या गिरण्यांनंतर लालबाग-परळच्या हजारो घरांत रिकामे हात होते. परंतु बेकारी म्हणजे फुरसत नव्हे. उद्याची चिंता असलेल्या माणसाचा मोकळा वेळ मोकळा नसतो. तो चमत्काराची वाट पाहत असतो. निश्चित पगार, निश्चित तास आणि हाताशी वाचनालय किंवा प्रयोगाचे टेबल, या तीन गोष्टी एकत्र आल्या तरच वेळाची फुरसत होते.

श्रद्धेशी आमचे भांडण नाही. कामावरून आलेला माणूस भजनाला बसला तर ती संध्याकाळ त्याची स्वतःची आहे, आणि भजनातही ताल, पाठांतर व सोबत यांचे शिक्षण असते. ज्या उत्सवात कधी फिटरचे हात दिसत, तेथे आता पुढाऱ्यांचे फलक आणि कंपन्यांच्या जाहिराती दिसतात, ही तक्रार मात्र आहे. करणाऱ्याचा प्रेक्षक झाला, हे नुकसान धर्माचेही आहे आणि विज्ञानाचेही.

आज परिस्थिती काय आहे? जेथे गिरण्यांचे भोंगे वाजत तेथे मॉल आणि कचेऱ्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांच्या दाराशी बारा-बारा तास उभा राहणारा पहारेकरी आणि मोटारसायकलवरून खाणे पोहोचविणारा तरुण, यांना कामगार म्हणावे की नाही यावरच वाद चालू आहे. त्या तरुणाच्या खिशात जगातले सगळे ग्रंथ उघडू शकेल असे यंत्र आहे. पण ते यंत्र त्याला पुढची ऑर्डर सांगते. १९०५ च्या दिव्याची ही नवी आवृत्ती आहे. लेखी संमतीचे आश्वासन याच पार्श्वभूमीवर तपासले पाहिजे. ज्याच्यामागे संघटना नाही आणि ज्याच्या जागेसाठी दहा जण उभे आहेत, त्याच्या सहीला संमती म्हणणे ही शब्दांची थट्टा आहे.

आणि स्त्रियांचे काय? १८९० मध्ये लोखंड्यांच्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली होती. परंतु रविवारची सुट्टी घरातल्या चुलीपर्यंत कधीच पोहोचली नाही. पाळ्यांनी येणाऱ्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाईचा दिवस तर तिन्ही पाळ्यांचा असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने या स्त्रियांना एकत्र आणले आणि सावकाराच्या पाशातून सुटण्याची वाट दाखविली, तेव्हा त्यांचे श्रम हे श्रम आहेत हे प्रथम मान्य झाले. फुरसतीचा हक्क मागताना तो केवळ पुरुषाच्या संध्याकाळपुरता मागितला, तर त्या संध्याकाळची किंमत पुन्हा तीच बाई मोजणार आहे.

कार्यकर्त्यांपुढे म्हणून दोन कामे आहेत. पहिले, आठ तासांच्या दिवसाची मागणी केवळ थकव्याच्या आणि मोबदल्याच्या भाषेत न मांडता माणसाच्या मनाच्या हक्काच्या भाषेत मांडणे, आणि पहारेकरी, घरकामगार व मोटारसायकलवरचा तरुण यांना त्या मागणीत सामावून घेणे. दुसरे, आपल्या प्रत्येक शाखेत आठवड्यातील एक संध्याकाळ सभेसाठी नव्हे, तर वाचनासाठी, आकाशदर्शनासाठी किंवा एखादे बिघडलेले यंत्र उघडून पाहण्यासाठी राखून ठेवणे. उत्सवाच्या दहा दिवसांत एखाद्या मंडळाच्या मंडपात मुलांसमोर पृष्ठताणाचा साधा प्रयोग करून दाखविला, तर मंडळाचे कार्यकर्ते आडवे येणार नाहीत. उलट खुर्च्या तेच मांडतील.

सरकारला बारा तास हवे आहेत. ते देण्याचे नाकारताना, उरलेल्या तासांत आम्ही काय करणार आहोत, हे सांगण्याची आपली तयारी असली पाहिजे.