खिशातली हजेरी

जामिनावर सुटलेल्या माणसाने गुगल मॅपवर पिन टाकावी आणि आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला दिसेल असा ठेवावा, अशी अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातील एका नायजेरियन आरोपीला घातली. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी ती रद्द केली. अशा पिनवरून माणसाची हालचाल कळतच नाही, हे खुद्द गुगलने सांगितले होते. पण न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. आरोपीच्या हालचालीवर पोलिसांना सतत पाळत ठेवू देणारी अट कलम २१ मधील खासगीपणाच्या हक्काचा भंग करते, असे त्याने बजावले.

'गुन्हेगाराला कसला आला खासगीपणा?' असे कोणी विचारील. आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर आपल्या इतिहासात आहे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. नावनोंदणी, पोलिसांपुढे हजेरी आणि परवान्याशिवाय गाव सोडायला बंदी! सोलापूरच्या सेटलमेंटचे तारेचे कुंपण आपले भटके-विमुक्त बांधव विसरलेले नाहीत. १९५२ मध्ये तो कायदा गेला. संशय मात्र गेला नाही.

आज हजेरीसाठी चौकीत जावे लागत नाही, ती खिशातच आहे. मोबाईल जवळच्या टॉवरशी जोडला जातो आणि त्याची नोंद कंपनीकडे राहते. ती मागवायला पोलिसांना न्यायाधीशाचे वॉरंट लागत नाही. आपण मोर्चाला गेलो, वकिलाकडे गेलो की दवाखान्यात, सारे त्यात सापडते.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये अवाजवी झडतीपासून संरक्षणाचा हक्क मागितला होता. संविधानात तो स्वतंत्र कलम म्हणून आला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तरीही २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याच्या कलम १७ ने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची वाट केंद्राला मोकळी ठेवली आहे.

म्हणून मागणी सरळ आहे. ठावठिकाण्याची नोंद न्यायाधीशाच्या लेखी परवानगीशिवाय मिळू नये आणि तपास संपल्यावर त्या माणसाला ते कळवावे. तोवर वकील बंधू-भगिनींनो, जामिनाच्या आदेशातील प्रत्येक अट नीट वाचा. त्यात पाळत दिसली, तर हा निकाल न्यायालयापुढे ठेवा. गरीब अशिलाला ती अट वाचता येत नाही, आपल्याला येते.