दप्तर हलविण्याचा अधिकार

जर्मनीच्या उत्तर टोकाला, डेन्मार्कच्या सीमेलगत असलेल्या श्लेस्विग-होल्स्टाईन राज्याच्या शासनाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या कचेऱ्यांचे ई-मेलचे सारे दप्तर एका संगणकप्रणालीतून उचलून दुसरीत नेऊन ठेवले. ४० हजारांहून अधिक टपालपेट्या, पत्रे व कॅलेंडरांतील नोंदी मिळून १० कोटींच्या वर, आणि अवधी सहा महिन्यांचा. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज व आउटलुक यांची जागा ओपन-एक्स्चेंज व थंडरबर्ड या मुक्तस्रोत प्रणालींनी घेतली. स्थलांतराच्या काळात कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या. परंतु काम तडीस गेले. त्याच वर्षी आपल्या केंद्र शासनाच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या प्रणालीवर गेल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. तेथे भर मुक्ततेवर, येथे स्वदेशीवर. परदेशी कंपनीच्या तंत्राने आपला कारभार चालू नये, ही चिंता दोन्हीकडे आहे आणि ती रास्तही आहे. मात्र दप्तर आज ज्याच्या स्वाधीन केले त्याच्याकडून उद्या ते अखंड परत घेता येईल काय, हा प्रश्न कंपनी स्वदेशी असली म्हणून सुटत नाही.

कारकुनाची बदली झाली की तो चार्ज देतो. आवक-जावक नोंदवही, फायली, कपाटाच्या किल्ल्या यांची यादी होते, दोन सह्या होतात आणि नवा माणूस त्याच दिवशी काम सुरू करतो. संगणकातील दप्तराचा चार्ज इतका सरळ नसतो. पत्रांपुरते पाहिले तर अडचण थोडी. ई-मेलची रचना १९८२ पासून सर्वमान्य आहे आणि एका पेटीतील पत्रे दुसरीत वाहून नेण्याच्या रीतीही रुळलेल्या आहेत. पत्त्यांच्या वहीपाशी मात्र ठेच लागू लागते. फाइल चुकीच्या संकेतन-पद्धतीने उघडली गेली, तर देवनागरीतील नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी उभ्या राहतात. ‘इयत्ता दहावीचे पालक’ असा कष्टाने बांधलेला गट तर पुष्कळदा वाटेतच गळतो.

खरी कसोटी कॅलेंडरची. त्यासाठीही आयकॅलेंडर हा सर्वमान्य साचा १९९८ पासून आहे. पण बैठकीची नोंद म्हणजे केवळ तारीख आणि वेळ नव्हे. दर दुसऱ्या मंगळवारी, दिवाळीचा मंगळवार वगळून, अमक्या खोलीत, आठ जणांना निमंत्रण, त्यांपैकी तिघांचा होकार : एवढा संसार त्या एका नोंदीत असतो आणि त्याचे धागे आठ जणांच्या खात्यांत गुंतलेले असतात. निमंत्रकाने प्रणाली बदलली की हे धागे तुटण्याचा संभव असतो. मग बैठक रद्द झाली तरी जुनी नोंद इतरांच्या कॅलेंडरांत तशीच राहते. प्रमाणवेळेचा उल्लेख वाटेत गळला, तर सकाळी अकराची बैठक पहाटे साडेपाचला लागलेली दिसते, कारण आपले घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. असे प्रकार टाळता येतात. त्यासाठी आधी दहा-वीस खात्यांवर चाचणी आणि काही आठवडे दोन्ही प्रणाली समांतर चालविण्याची तयारी लागते. खर्चाच्या अंदाजपत्रकात या आठवड्यांना सहसा स्थान नसते.

मराठी माणसाला हा अनुभव नवा नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी विशिष्ट फाँटांत टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडला की निरर्थक अक्षरांची रांगोळी दिसे. लेखन आपले, भाषा आपली, आणि ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात!

पत्त्याची गोष्ट याहून नाजूक आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर मोबाइलचा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. ई-मेलच्या पत्त्याला ही सोय नाही, कारण त्यातील ‘ॲट’ या चिन्हापुढील नाव सेवा देणाऱ्या कंपनीच्या मालकीचे असते. केंद्र शासनाने प्रणाली बदलली तरी पत्त्यांच्या शेवटचे ‘जीओव्ही डॉट इन’ व ‘एनआयसी डॉट इन’ कायम राहिले. याउलट ज्या शाळांचा सारा पत्रव्यवहार फुकट मिळालेल्या खात्यांवरून चालतो, त्यांना घर बदलले की गावभर नवा पत्ता सांगत फिरणे आले. संस्थेच्या स्वतःच्या नावाचा पत्ता घेण्यास लागणारा वार्षिक खर्च वार्षिक स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून खचितच कमी असतो.

आता कायद्याकडे वळू. युरोपात २५ मे २०१८ पासून नागरिकाला आपली माहिती एका सेवेकडून घेऊन दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकातही हा हक्क होता. २०२३ साली संमत झालेल्या अधिनियमात तो नाही. काही कंपन्या माहिती उतरवून घेण्याची सोय आपणहून देतात. गूगलची टेकआउट ही सोय २०११ पासूनची आहे. पण सोय देणारा ती काढूनही घेऊ शकतो. २०२१ साली त्याच कंपनीने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करून प्रत्येक संस्थेसाठी १०० टेराबाइटची सामाईक मर्यादा जाहीर केली. त्यानंतर जगभरच्या अनेक विद्यापीठांनी माजी विद्यार्थ्यांची खाती आटोपती घेण्यास सुरुवात केली. यात कंपनीने करार मोडला असे कोणी म्हणणार नाही. फुकटाच्या कराराला मोडण्याजोगे असे असते तरी काय?

अधिनियमात दुरुस्ती करून हा हक्क पुन्हा घालणे हे संसदेचे काम आहे आणि तशी मागणी शिक्षक व कर्मचारी संघटनांनी लावून धरावयास हवी. तोवर विद्यापीठांना आपल्या कक्षेत एक गोष्ट करता येईल. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याच्या खात्यात प्राध्यापकांशी झालेला पत्रव्यवहार, प्रबंधाचे खर्डे, शिफारसपत्रे असे सारे असते. खाते बंद करण्यापूर्वी किमान सहा महिन्यांची लेखी सूचना द्यावी, पत्रे, पत्ते आणि कॅलेंडर सर्वमान्य साच्यांत उतरवून घेण्याची रीत मराठीत छापून हाती ठेवावी, आणि जुन्या पत्त्यावर येणारे टपाल निदान वर्षभर नव्या पत्त्यावर धाडावे, असा नियम कोणत्याही विद्यापीठाला स्वतःच्या अधिकारात करता येईल. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.