ससा, दयाळ आणि दोन रकाने

विद्यार्थी मित्रहो, ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की तुम्ही पानाच्या मधोमध रेघ मारता. ससा सस्तन, दयाळ पक्षी. सशाला चार पाय, दयाळाला दोन. ससा पिले देतो, दयाळ अंडी घालतो. गुण मिळतात. पण माझ्या मते ही नुसती यादी झाली. तुलना अजून सुरूच झालेली नाही.

ती वजनकाट्यापासून सुरू करू. आपल्या माळरानावरचा काळ्या मानेचा ससा सुमारे अडीच किलोग्रॅम भरतो. (पिंजऱ्यातला पांढरा ससा वेगळा, बरे का! त्याचे पूर्वज युरोपातले, बिळात राहणारे. आपला ससा बीळ खणत नाही.) दयाळ भरतो 40 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे ससा साधारण 64 पट जड. 64 चे घनमूळ 4. दोघांचा आकार सारखा धरला (पदार्थविज्ञानात अशी सूट घ्यावीच लागते), तर सशाची लांबी 4 पट, त्वचा 16 पट आणि वजन 64 पट. म्हणजेच दर ग्रॅममागे दयाळाच्या वाट्याला चौपट त्वचा येते, आणि उष्णता निसटते ती मुख्यतः तिथूनच.

मग दयाळाला दर ग्रॅममागे चौपट इंधन जाळावे लागते काय? 1932 साली मॅक्स क्लायबर यांनी उंदरापासून बैलापर्यंतची मोजमापे एकत्र मांडली. वजन 16 पट झाले की विश्रांतीतील उष्णता सुमारे 8 पटच होते, असे दिसले. त्या हिशेबाने उत्तर चौपटीऐवजी तिपटीच्या जवळ येते. असे का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. शिवाय गाणाऱ्या पक्ष्यांची शेगडी मुळातच जरा अधिक पेटलेली असते.

आता पिले पाहा. दयाळाचे पिल्लू उघडेनागडे व आंधळे; सशाचे अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मते. परंतु दयाळाचे घरटे ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात असते, आणि आई अंगाखाली ऊब देते. सशाचे पिल्लू उघड्या गवतात पडलेले, आई बराच वेळ दूर. रकान्यात हे कुठे बसणार?

शिक्षकांना विनंती, की पुढच्या चाचणीत रकान्यांऐवजी दोन वजने द्या. आणि मित्रहो, तुम्ही एक मोठा व एक लहान बटाटा उकडा. भोक पाडून प्रयोगशाळेतील तापमापी घाला (तापाची नको, फुटेल!), दर पाच मिनिटांनी नोंद करा, आलेख काढा. मग लहान बटाट्याला लोकरीचे फडके गुंडाळून पुन्हा मोजा. पिसे काय काम करतात, ते आलेखातच दिसेल.