डायलिसिसच्या रुग्णाचे तोंडही तपासा

नागपुरात कुणाच्या तोंडाला वास आला, की पहिला संशय तंबाखू-सुपारीच्या खर्र्यावर जातो. बहुतेकदा तो खराही असतो. पण दोन्ही मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या माणसाच्या बाबतीत हा संशय अन्याय करतो. दोन वेळा दात घासूनही त्याच्या तोंडाचा उग्र, लघवीसारखा वास जात नाही. मग तो रुमाल आडवा धरून बोलतो, लग्नाकार्याला जाणे टाळतो.

या वासाचे मूळ रक्तात असते. मूत्रपिंडे थकली की युरिया शरीराबाहेर पडत नाही. तो रक्तात साठतो आणि लाळेत उतरतो. तोंडातले जीवाणू त्याचे विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. जिभेवरची धातूसारखी चव आणि मंदावलेली भूक हीसुद्धा त्याच आजाराची लक्षणे. काही रुग्णांच्या श्वासाला मासळीसारखा वास येतो. तो ट्रायमिथाइलअमाइनचा, हे रसायन आतड्यातल्या जीवाणूंमुळे बनते.

डायलिसिसने युरिया उतरतो, तसा वासही कमी होतो. पुढच्या खेपेपर्यंत दोन्ही पुन्हा चढतात.

त्यात नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ अंशांवर, आणि ज्यांची लघवी जवळपास बंद झाली आहे त्यांना पाणीही मोजूनमापून प्यायचे. तोंड कोरडे पडते, लाळ घटते. रक्तदाबाच्या काही गोळ्या कोरड आणखी वाढवतात. दातांवर कीटण लवकर चढते, हिरड्या सुजतात. डायलिसिसच्या फेऱ्यांत आणि खर्चात दातांकडे बघायला कुणाला सवड नसते.

ही हेळसांड महागात पडते. हिरड्यांचा जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. मूत्रपिंड प्रत्यारोपणाआधी दातांची तपासणी लागतेच, कारण नंतरच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबते. मग ती तपासणी डायलिसिस सुरू होतानाच का होऊ नये? नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, आवारात शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून आहे. शहरातल्या डायलिसिस केंद्रांनी दर सहा महिन्यांनी प्रत्येक रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवण्याचा नियम करावा.

रुग्णांनीही दंतवैद्याला आपल्या आजाराची कल्पना द्यावी. डायलिसिसच्या वेळी रक्त पातळ करणारे हेपॅरिन देतात, म्हणून दात काढायचा तो शक्यतो दुसऱ्या दिवशी. दुखले म्हणून मनाने वेदनाशामक गोळी घेऊ नये. आणि घरात मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाच्या तोंडाला असा वास येऊ लागला, तर नुसत्या माउथवॉशवर भागवू नका. मूत्रपिंडांची स्थिती सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासून घ्या.