तिसाचे शंभर

क्ले हंट ३१ मार्च २०११ रोजी टेक्सासमध्ये गेला. त्याने आपले आयुष्य आपणच संपवले. वय २८. अमेरिकेच्या मरीन दलात तो चार वर्षे होता आणि इराक, अफगाणिस्तान ही दोन्ही युद्धे करून आला होता. त्याची आठवण काढणारे त्याच्या धाडसाबद्दल बोलतात, दिलदारपणाबद्दल बोलतात, हैतीत त्याने केलेल्या कामाबद्दल बोलतात. ते सगळे खरे आहे. पण त्याच्याविषयीची सर्वांत महत्त्वाची नोंद तो गेल्यानंतर पाच आठवड्यांनी झाली. ती अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या कागदावर आहे.

क्ले २००९ मध्ये सैन्यातून बाहेर पडला. त्यानंतर खात्याने त्याच्या मानसिक आघाताचे, म्हणजे डॉक्टर ज्याला पीटीएसडी म्हणतात त्याचे, मोजमाप केले आणि ३० टक्के हा आकडा ठरवला. हे त्याला मान्य नव्हते. त्याने अपील केले. पुढे त्याला कळले की खात्याने त्याची कागदपत्रेच हरवली आहेत. अपिलाचा निकाल लागायला अठरा महिने लागले. निकाल त्याच्या बाजूने लागला. आकडा १०० टक्के झाला. तोवर क्लेला जाऊन पाच आठवडे झाले होते.

हे आकडे हवेतले नाहीत. नियमांत प्रत्येक टक्क्यासमोर माणसाचे वर्णन आहे. ३० टक्के म्हणजे अधूनमधून कामात कमी पडणारा, पण एरवी बरा चाललेला माणूस. स्वतःचे स्वतः करणारा, चारचौघांत नीट बोलणारा. १०० टक्के म्हणजे कामधंदा आणि माणसांत वावरणे, दोन्ही पूर्ण खचलेला माणूस. मध्ये ५० आणि ७० अशा दोन पायऱ्या आहेत. त्या दोन्ही ओलांडून खाते शंभरावर पोचले. पैशातला फरकही लहान नव्हता. त्या वर्षीच्या दराने एकट्या माणसाला ३० टक्क्यांवर महिना ३७६ डॉलर मिळत, १०० टक्क्यांवर २,६७३.

दीड वर्षात दुखणे वाढले, म्हणून आकडा वाढला, असे कोणी म्हणेल. वाढलेही असेल. मग ते वाढत असताना फाईल कुठे होती? आणि क्ले गेल्यानंतरच्या पाच आठवड्यांत तर ते वाढणे शक्यच नव्हते. शंभर टक्के आजारी असलेला तो माणूस ३१ मार्चच्या आधी जिवंत होता, फिरत होता, खात्याच्याच दवाखान्यात जात होता. खात्याच्या लेखी तेव्हा तो तीस टक्क्यांचा होता.

अशा मृत्यूनंतर एक उपदेश हमखास ऐकू येतो. बोलायला हवे होते, मदत मागायला हवी होती, मन कशात तरी गुंतवायला हवे होते. क्लेने यातले काय केले नाही? २००७ मध्ये इराकच्या अनबार प्रांतात त्याचा सोबती मारला गेला. तेव्हा क्ले त्याच्या खाटेवर झोपायला लागला, त्याच्या जवळ असल्यासारखे वाटावे म्हणून. पुढे शत्रूच्या नेमबाजाची गोळी त्याच्या मनगटातून गेली. पर्पल हार्ट हे जखमी सैनिकांचे पदक मिळाले. मनगट बरे झाल्यावर त्याने स्काउट स्नायपरचे कठीण प्रशिक्षण पुरे केले आणि २००८ मध्ये तो अफगाणिस्तानात गेला. परत आल्यावर रडत बसला नाही. लॉस एंजेलिसमध्ये कॉलेजात नाव घातले. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा माजी मरीन सैनिकांनी उभ्या केलेल्या टीम रुबिकॉनबरोबर तो तिथे मदतीला गेला. चिलीत भूकंप झाला तेव्हा तिथेही गेला. जखमी सैनिकांसोबत त्याने लांबच्या सायकलफेऱ्या केल्या. युद्धावरून परतलेल्यांना 'तुम्ही एकटे नाही' असे सांगणाऱ्या जाहिरातीत काम केले. वॉशिंग्टनला जाऊन माजी सैनिकांच्या हक्कांसाठी लोकप्रतिनिधींना भेटला. त्या वेळी त्याचे स्वतःचे अपील खात्यात पडून होते.

आणि त्याने मदत मागितली, तीही शेवटपर्यंत. त्याला झोप लागत नसे, भीतीचे झटके येत. एक गोळी देऊन पाहायची, त्रास झाला की दुसरी, असे प्रयोग आपल्यावर चालले आहेत असे तो घरी सांगे. शेवटी तो ह्यूस्टनला आला. १५ मार्च २०११ रोजी तिथल्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञाला भेटला. त्याला मानवणारे एक औषध होते. दवाखान्याच्या औषधखिडकीवर ते नव्हते. टपालाने येईल असे सांगण्यात आले. घरी जाताना त्याने आईला फोन केला. इथे मला पुन्हा येववणार नाही, दुसरीकडे कुठेतरी पाहावे लागेल, अशा अर्थाचे तो बोलला. सोळा दिवसांनी तो गेला.

कागद वेळेवर आला असता तर क्ले वाचला असता, असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. माणूस का जातो याचे उत्तर एका फायलीत नसते. पण जो विचारत होता, सांगत होता, रांगेत उभा होता, त्याला 'तू म्हणतोस ते खरे आहे' एवढे सांगायला सरकारला दीड वर्ष लागले, हे कशानेही झाकता येणार नाही. आजारी माणसाला दुखण्याइतकाच त्रास याचा होतो, की आपल्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

पुढे त्याच्या नावाचा कायदा झाला. तोही सरळ झाला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सिनेटमधल्या एका सदस्याच्या हरकतीवर तो अडला. पाच वर्षांसाठी दोन कोटी वीस लाख डॉलरचा खर्च हा एक मुद्दा होता. मग २०१५ मध्ये कनिष्ठ सभागृहात ४०३ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ९९ विरुद्ध शून्य अशा मतांनी तो मंजूर झाला. १२ फेब्रुवारीला राष्ट्राध्यक्ष ओबामांनी सही केली. आत्महत्या रोखण्याच्या योजनांची दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी, मदतीची सगळी माहिती एके ठिकाणी, मानसोपचारतज्ज्ञांनी खात्यात यावे म्हणून त्यांच्या शिक्षणकर्जाला हातभार, माजी सैनिकांनी माजी सैनिकांना आधार देण्याची प्रायोगिक योजना, असे त्यात आहे. यातले काही निरुपयोगी नाही. आपला मुलगा गमावलेल्या आईने सिनेटच्या समितीपुढे बसून सगळी हकीकत सांगितली, म्हणून ते होऊ शकले.

पण फाईल हरवली तर जबाबदार कोण, अपील किती दिवसांत निकाली काढायचे, यावर त्या कायद्यात अक्षर नाही. क्ले हा काही एकटा रखडलेला नव्हता. २०१३ च्या मार्चमध्ये १२५ दिवसांच्या वर पडून राहिलेले दावे सहा लाखांच्या पुढे गेले होते. अपिलांची पद्धत बदलणारा कायदा यायला २०१७ उजाडले. तो वेगळा कायदा, त्याला क्लेचे नाव नाही. क्लेच्या नावाच्या कायद्याने उपचारांकडे पाहिले. त्याच्यावर अन्याय करणाऱ्या टेबलाकडे पाहिले नाही.

ती दुरुस्ती अजूनही करता येईल आणि तिला फार पैसेही लागणार नाहीत. दरवर्षीची तपासणी कायद्याने बंधनकारक आहेच. त्या अहवालात एक रकाना वाढवावा. ज्यांचा दावा मान्य झाला, पण मान्य झाला तेव्हा जे हयात नव्हते, असे माजी सैनिक त्या वर्षी किती, हे त्यात लिहावे. प्रत्येकासमोर दावा किती दिवस पडून होता आणि तेवढे दिवस कोणाकडे होता, हेही लिहावे.