वऱ्हाडाच्या लेकरांनी कोणाचे दार ठोठावावे?

थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या लेकराला बोनमॅरो हवा असतो, तेव्हा नुसता रक्तगट जुळून भागत नाही. जुळावा लागतो तो एचएलए: सहाव्या गुणसूत्रावरचा, आपले-परके ओळखणारा जनुकांचा गट. त्याची ३० हजारांहून अधिक रूपे आजवर नोंदली गेली आहेत. साथींशी पिढ्यानपिढ्या झुंजत माणसाने ही विविधता कमावली. सख्ख्या भावंडाशी तो जुळण्याची शक्यता चारात एक. तिथे जुळला नाही, तर बोनमॅरो-दात्यांच्या नोंदवहीतल्या अनोळखी माणसाचा शोध!

त्या नोंदवहीत वऱ्हाडातला आपला बुलढाणा जिल्हा कुठे आहे? जगात ४ कोटींहून अधिक दाते नोंदलेले. १४० कोटींच्या या देशातले अवघे काही लाख! अमेरिकेतल्या २०१४ च्या अभ्यासात युरोपीय वंशाच्या रुग्णाला पूर्ण जुळणारा दाता मिळण्याची शक्यता ७५ टक्के निघाली, कृष्णवर्णीयांना १६ ते १९ टक्के. ज्यांच्यात विविधता जास्त, त्यांचीच नोंद कमी. हा उघड अन्याय आहे!

आपण तर शतकानुशतके जातीबाहेर सोयरीक केली नाही. त्यामुळे समाजागणिक एचएलएची ठेवण बदलते. मलकापूरच्या माळ्याला, लोणारच्या बंजाऱ्याला, संग्रामपूरच्या कोरकूला जुळणारा दाता जर्मनीत सापडण्यापेक्षा इथल्याच शिवारात सापडण्याची आशा अधिक. जातीच्या भिंती थोरांनी बांधल्या आणि त्यांचा दंड आजारी पोर भरते, याची लाज कोणालाच वाटत नाही?

२०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान वाजतगाजत सुरू केले. दाते नोंदवण्याचा भार मात्र आजही मुख्यतः सेवाभावी संस्थांच्याच खांद्यावर. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला रक्तदानाचे मांडव पडतात आणि गावची तरुण पोरे रांगा लावतात. त्याच मांडवात एचएलए तपासणीच्या नमुन्यासाठी गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवायला किती वेळ लागतो? बोनमॅरो घेताना मणक्यात सुई खुपसून माणूस अधू करतात, ही अफवा गावोगाव ठेचायला हवी. बहुतेक दात्यांच्या पेशी आज हाताच्या शिरेतूनच घेतल्या जातात. अडते ते प्रयोगशाळेच्या खर्चावर, आणि तिथेच सरकार तोंड फिरवते!

बुलढाण्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे दात्यांचा नोंदणी कक्ष उघडा. तेराही तालुक्यांत, सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत पथके धाडा. तपासणीचा सगळा खर्च तिजोरीतून करा, येत्या अर्थसंकल्पात त्याची तरतूद छापून दाखवा. ते जमणार नसेल, तर आरोग्यमंत्र्यांनी या जिल्ह्यात यावे आणि तो नकार आजारी लेकराच्या आईला समोर बसवून सांगावा!