एकतेच्या नावाने भाषेला फास

१९५६ च्या ऑक्टोबरात बुडापेस्टचे कामगार आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि ४ नोव्हेंबरला रशियन रणगाड्यांनी तो उठाव चिरडण्यास प्रारंभ केला, हे सर्वश्रुत आहे. त्याची किंमत शेजारच्या रुमानियातील सुमारे १६ लाख हंगेरियन भाषकांनाही मोजावी लागली, याचा उच्चार मात्र क्वचितच होतो.

त्यांचा अपराध कोणता? उठाव करणाऱ्यांची आणि त्यांची मातृभाषा एक होती! ट्रान्सिल्वानियातील क्लूज शहरी हंगेरियन भाषेतून शिक्षण देणारे बोयाई विद्यापीठ होते. उठावाविषयी सहानुभूती दाखविल्याबद्दल तेथील विद्यार्थी व अध्यापक तुरुंगात गेले. रुमानियन विद्यार्थ्यांनीही टिमिशोआरा येथे निदर्शने केली होती आणि त्यांनाही अटक झाली. परंतु हंगेरियनांच्या बाबतीत व्यक्तींना शिक्षा करून राज्यकर्त्यांचे समाधान झाले नाही; त्यांनी संस्थाच मोडली. १९५९ मध्ये हे विद्यापीठ रुमानियन भाषेच्या बाबेश विद्यापीठात विलीन करण्यात आले. त्यासाठी भरविलेल्या सभांना पक्षनेते चाउशेस्कू जातीने हजर होते. विलीनीकरणाच्या त्या दिवसांतच कवी व प्राध्यापक लास्लो साबेदी यांनी आत्महत्या केली. या सर्व प्रकाराला नाव मात्र 'एकता' असे देण्यात आले.

पुढची पावले त्याच वाटेने पडली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या हंगेरियन स्वायत्त प्रदेशाच्या सीमा १९६० मध्ये अशा बदलण्यात आल्या, की हंगेरियन बहुसंख्येचे जिल्हे बाहेर गेले आणि रुमानियन बहुसंख्येचे आत आले. १९६८ मध्ये तो प्रदेशच नकाशावरून पुसला गेला. बुडापेस्टमधील कादर यांचे 'बंधुपक्षीय' सरकार तेव्हा मूग गिळून बसले होते. ज्या सरकारने इम्रे नॉज यांना १९५८ मध्ये फासावर चढविले, ते सीमेपलीकडील हंगेरियनांसाठी कोणत्या तोंडाने बोलणार?

वर्गसत्ता नष्ट झाली की राष्ट्रीयत्वांचा प्रश्न आपोआप सुटतो, असे साम्यवादी पंडित सांगत आले. रुमानियात भांडवलदार गेले, जमीनदार गेले. तरीही अल्पसंख्याकांची भाषा संशयित ठरली. कारण उघड आहे. स्वतंत्र वृत्तपत्र, स्वतंत्र संघटना आणि विरोधी मत यांना जेथे थारा नाही, तेथे अल्पसंख्याकांचे हक्क सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर जगतात. १९५२ मध्ये मर्जीने दिलेली स्वायत्तता १९६८ मध्ये मर्जीनेच हिरावली गेली. लोकशाहीवाचून समता टिकत नाही, हा समाजवाद्यांचा आग्रह ज्यांना पुस्तकी वाटतो, त्यांनी बोयाई विद्यापीठाचा हा इतिहास अवश्य वाचावा.